जुन्या लाकडी फ्लूटचा ‘जीर्णोद्धार’ म्हणावं का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या, छिद्रं झाकणाऱ्या चाव्या असलेल्या लाकडी फ्लूटची दुरुस्ती चालू आहे आणि तिची नोंद मराठीत लिहायची आहे. ‘बासरी’ म्हटलं की बांबू डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘फ्लूट’ ठेवलं. पण या कामाला ‘जीर्णोद्धार’ म्हणावं का? आणि डोक्याकडच्या भागावर उभी रेघ उघडली आहे, ती भेग, चीर की तडा?

प्रतिसाद १ : ‘जीर्णोद्धार’ टाळा. देवळाचे जुने दगड उतरवून नवं बांधकाम केलं तरी तो शब्द चालतो. इथे तेवढी मोकळीक घातक ठरेल. फुंकर मुखरंध्राच्या, म्हणजे फुंकायच्या छिद्राच्या, ज्या कडेवर आपटते ती कड आणि आतली पोकळी, या दोहोंवर आवाज ठरतो. कडेवरून पॉलिश कागद फिरवला की ती बोथट होते, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. पोकळीचंही तसंच. जर्मन वाद्यकार थेओबाल्ट ब्योम यांनी १८४७ मध्ये सरळ नळीचा फ्लूट आणला. त्याआधीच्या फ्लूटची पोकळी सहसा पायाकडे निमुळती होत जाते. लाकूड आक्रसून ती लंबगोल झाली असली, तरी कोरून ‘नीट’ करायला जाऊ नये. ‘नूतनीकरण’ तर मुळीच नको, ते परवान्याचं होतं.

बूच, चाव्यांखालच्या गाद्या, सांध्यावरचा दोरा या झिजणाऱ्याच वस्तू. त्या बदलल्या तर ‘डागडुजी’ लिहा. लाकडाला हात लावला असेल तर ‘दुरुस्ती’. साधेच शब्द, पण काय केलं ते लपत नाही.

आता ती रेघ. मी ‘तडा’ म्हणेन. अशा फ्लूटच्या डोक्यात पुष्कळदा धातूची नळी बसवलेली असते. लाकूड वाळून आक्रसतं, नळी आक्रसत नाही; ताण असह्य झाला की लाकूड आपल्या तंतूंच्या दिशेने उकलतं. ‘भेग’ म्हटलं की टाचेची किंवा रानातली, वरवर उघडलेली वाटते. आरपार न गेलेल्या बारीक रेघेला ‘चीर’ ठीक. ‘फट’ दोन भागांमध्ये असते, उदाहरणार्थ सैल सांध्यात. बांबू असता तर मात्र ‘पिचला’ म्हटलं असतं.

प्रश्नकर्ता : मग तडा ‘बुजवला’ की ‘सांधला’? त्यात पाचर बसवायचा विचार आहे.

प्रतिसाद २ : पाचर नको, शब्दही आणि वस्तूही! पाचर ठोकली की लाकूड आणखी फाकतं. त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी डिंकाने बसवली तर ‘पट्टी बसवली’ लिहा. लाकडाचा भुसा आणि डिंक भरला तर ‘बुजवला’. कडा जवळ आणून चिकटवल्या तरच ‘सांधला’. त्याआधी लाकडाला हळूहळू ओलावा मिळू द्या. काही तडे त्यानेच पुष्कळसे मिटतात.

आणि लाकडाला द्यायच्या तेलासाठी ‘पाजलं’ हाच शब्द ठेवा. ‘लावलं’ म्हणजे वरून पुसलं असं वाटतं. आतून पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचं, उरलेलं टिपून घ्यायचं. गाद्यांना मात्र थेंबही लागू देऊ नका, त्या कडक होतात आणि मग छिद्रं नीट झाकली जात नाहीत.