मदत हवी आहे: बिल्डिंगच्या मागच्या लोखंडी जिन्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

आमची बिल्डिंग चार मजली, विटांची, बरीच जुनी, मागच्या बाजूला आग लागली तर उतरायचा लोखंडी जिना आहे, तो अधूनमधून रंगवतात आणि झालं, एवढाच त्याचा मेंटेनन्स. परवा तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर उभी राहिले तर पायाखाली हललं, वाकून बघितलं तर ब्रॅकेट भिंतीत शिरतं तिथे रंग फुगलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर गंजाचा पापुद्राच सुटला आणि टोक आत गेलं. बाजूच्या विटेला चीर, खाली तपकिरी ओघळ.

काँट्रॅक्टर म्हणतो घासून रेड ऑक्साइड मारतो, वर दोन हात रंग, काही होत नाही. मला नाही पटत. चौथ्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं राहतात, रात्री धुरातून त्यांना इथूनच उतरावं लागणार. 1975 साली बॉस्टनला आगीतून सुटलेली एक तरुणी आणि दोन वर्षांची मुलगी अशाच जिन्यावर होत्या, फायरमन पोचलाही होता आणि जिनाच निखळला, मुलगी वाचली, तरुणी गेली. त्या दोघी खाली पडतानाचा फोटो डोळ्यासमोरून हलत नाही.

भिंतीच्या आत बोल्ट किती शिल्लक आहे हे कळतं कसं? आणि इतक्या जुन्या लोखंडाला वेल्डिंग चालतं का? प्लीज कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
रंगाचं नंतर बघा ताई, आधी भिंत. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि वीट आतून फोडतं, तुमची चीर बहुतेक त्याचीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, एक-दोन बोल्टभोवतीची वीट काढून बघू दे, बाकीच्या बोल्टची जॅक लावून ओढ टेस्ट होते, म्हणजे बोल्ट ओढून पकड किती आहे ते बघतात. इंटरनॅशनल फायर कोडमध्ये (अमेरिकेत वापरतात ती आगीपासून सुरक्षेची नियमावली) तर अशा जिन्यांची निदान दर 5 वर्षांनी तपासणी सांगितलीये. वेल्डिंगची घाई नको, ओतीव लोखंड असेल तर तडकतं, तिथे भाग बदलून बोल्टनेच जोडावा लागतो. नवीन बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि भिंतीत शिरतात तिथे पाणी मुरणार नाही असं सील करून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू देऊ नका. लँडिंगवर कुंड्या, सामान असेल तर आजच हलवा, पण दाराला कुलूप नको.

कुंड्या आहेत, सहा. आत्ताच उचलते, आणि वीट काढल्याशिवाय रंगाचा डबा उघडू देत नाही. इंजिनिअर येऊन गेला की इथेच लिहिते.