प्रतिसाद: चित्र नसणं हीच तर ताकद
वर कुणीतरी म्हटलंय की चित्र नसल्यामुळे विज्ञानकथा पॉडकास्टवर फिकी पडते. मला नेमकं उलट वाटतं. ३० ऑक्टोबर १९३८ ला प्रसारित झालेलं अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं मंगळवासीयांच्या स्वारीचं रेडिओ नाटक ऐका. वार्ताहर शेतातून बोलतोय, मागे गर्दीचा आरडाओरडा, आणि वाक्य अर्धवट असताना आवाज तुटतो. काही सेकंद काहीच नाही! त्या शांततेत मला जे दिसलं ते पडद्यावर कधीच दिसलं नाही. हल्लीचे बरेच पॉडकास्ट ही जागा पार्श्वसंगीताने भरून टाकतात, त्याची फार हळहळ वाटते. नुसतं कथावाचन आवडत असेल तर २००५ मध्ये सुरू झालेला ‘एस्केप पॉड’ हा इंग्रजी विज्ञानकथांचा पॉडकास्ट ऐका, बहुतेक भागांत एक अख्खी कथा असते. हेडफोन मात्र हवाच.