स्वतःच्या सर्व्हरवरील व्हिडिओ उशिरा सुरू होतो

प्रश्न: आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर मी कीर्तनाची एमपी४ फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून व्हिडिओ टॅगने जोडली आहे, परंतु ती जवळजवळ पूर्ण उतरल्याशिवाय सुरूच होत नाही. कारण काय असावे?

उत्तर १: फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे व्हिडिओ सुरू करण्यासाठी ब्राउझरला आधी लागणारा ‘मूव्ह’ (moov) हा भाग, बहुधा शेवटी राहिला असावा. एफएफएमपेग (FFmpeg) या व्हिडिओ-प्रक्रियेच्या साधनातील ‘फास्टस्टार्ट’ पर्यायाने तो आरंभी आणता येतो. त्यासाठी पुन्हा एन्कोडिंग करावे लागत नाही, त्यामुळे चित्राचा दर्जाही तसाच राहतो.

उत्तर २: सर्व्हर अंशतः मागणीला, म्हणजे फाइलचा फक्त एखादा तुकडा मागितल्यास, २०६ या क्रमांकाचा प्रतिसाद देतो का, तेही पाहावे, अन्यथा व्हिडिओ पुढे सरकवताना अडचण येते, आणि सफारी ब्राउझर तर याबाबत फारच काटेकोर आहे.

प्रश्नकर्ता: अनुक्रमणिका शेवटीच होती. आता व्हिडिओ लगेच सुरू होतो. आभारी आहे.