व्ह्यूफाईंडरमधून सगळं धुरकट दिसतंय, शिमग्याच्या आधी मदत हवी

नारळीपोफळी:
मंडळी, मामाने त्याचा जुना कॅमकॉर्डर दिलाय आणि यंदा शिमग्याला गावच्या पालखीचं नीट शूटिंग करायचंय. गाव गुहागरच्या बाजूला. पालखी सहाणेवरून (पालखी ठेवतात त्या जागेवरून) निघते ती ऐन उन्हात, तेव्हा बाजूच्या स्क्रीनवर नुसतं आभाळ चमकतं, काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून मागच्या व्ह्यूफाईंडरला डोळा लावला तर आत सगळं धुरकट. पण रेकॉर्ड केलेलं टीव्हीवर लावलं की एकदम शार्प! लेन्स गेली असेल का, चिपळूणला दुरुस्तीला टाकू का? मला चष्मा आहे, लांबचा नंबर.

हर्णैचा वारा:
दुरुस्तीला अजिबात टाकू नका. टीव्हीवर शार्प दिसतंय म्हणजे लेन्स ठणठणीत आहे. व्ह्यूफाईंडरच्या खाली नाहीतर बाजूला एक छोटी दांडी किंवा चाक असेल बघा, ते डायॉप्टर. ते फक्त तुमच्या डोळ्यासाठी असतं, रेकॉर्डिंगच्या फोकसशी त्याचा काही संबंध नाही. आधी स्क्रीन बंद करा, काही मॉडेलला व्ह्यूफाईंडर मागे ओढावा लागतो तेव्हाच चालू होतो. मग समोरच्या माडाकडे बघू नका, आतल्या कडेला बॅटरीचं चिन्ह आणि वेळेचे आकडे असतात त्यांच्याकडे बघा आणि ते आकडे कडक दिसेपर्यंत दांडी हळूहळू सरकवा. दृश्य बघून लावायला गेलात तर ऑटो फोकस मध्येच हलतो आणि आपल्याला कळतच नाही धुरकट नक्की कशामुळे आहे. नंबर जास्त असेल किंवा सिलिंड्रिकल असेल तर चष्मा घालूनच लावा, सिलिंडरचा नंबर डायॉप्टरने भरून निघत नाही.

कुडाळवाला:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, एक भर घालतो. मी दशावताराचं शूटिंग करतो, रात्री काळोखात व्ह्यूफाईंडर इतका उजळ वाटतो की माणूस एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, कमी करून बसतो आणि घरी येऊन बघावं तर राजाचा चेहरा काळा. आत दिसणाऱ्या उजेडावर भरवसा ठेवू नका, मेनूत झेब्रा असेल तर चालू करा. 100 वर ठेवलात तर जिथे पांढरं पार उडतंय, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतोय, तिथे तिरके पट्टे येतात. पालखीवाल्यांचे पांढरे सदरे दुपारी हमखास उडतात, पट्टे दिसले की एक्सपोजर थोडं खाली घ्या. आणि मेनूतला ब्राइटनेस वाढवून फक्त तुम्हाला उजळ दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये काही फरक पडत नाही.

सुरूबन:
आणि कृपा करून कॅमेरा ट्रायपॉडवर उन्हात तसाच सोडून जेवायला जाऊ नका!! डोळा लावतो त्या काचेतून ऊन आत गेलं तर ती काच भिंगासारखं काम करते आणि आतल्या इवल्याशा पडद्यावर कायमचा डाग पडतो. रबरी आयकप असेल तर डोळ्याला नीट टेकवा, बाजूचा उजेड थांबतो. किनाऱ्यावर खारा वारा लागून काचेवर चिकट थर बसतो, तो शर्टाने पुसायचा नाही, आधी ब्लोअरने रेती उडवा मग मऊ कापड.

नारळीपोफळी:
दांडी सापडली, खालच्या बाजूला होती!! आकडे एकदम स्वच्छ दिसतायत, चष्मा घालूनच लावलं. खूप आभार सगळ्यांचे. झेब्रापण मिळाला मेनूत, पण ते पट्टे रेकॉर्ड होणार नाहीत ना?

कुडाळवाला:
नाही होत, ते फक्त बघणाऱ्याला दिसतात. बिनधास्त चालू ठेवा. फक्त पालखी नाचवायला लागले की झूम कमी करा, ढोलाच्या गर्दीत धक्के लागतात.