आर्मा, १८८९: चाकांखाली ठेवलेले दगड
'जुने रेल्वे अपघात म्हणजे बहुतेक चालकाचीच चूक', असं काहीजण म्हणतात, ते मत मला पटत नाही. आयर्लंडमधल्या आर्माचा १२ जून १८८९ चा अपघात बघा. संडे स्कूलच्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) सहलीची गाडी चढावर अडकली, म्हणून मागचे दहा डबे सोडून पुढचे आधी न्यायचं ठरलं. पण तिथे जोडणी सोडली की व्हॅक्यूम ब्रेकही (हवा खेचून सगळ्या डब्यांना एकदम लावायचा ब्रेक) सुटायचा! उरला गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग जरासा मागे सरकला, दगड चुरडले आणि डबे उतारावरून घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. दारांना कुलपं होती, आत लहान मुलं. सुमारे ८० जीव गेले.

जोडणी तुटताच आपोआप लागणारा ब्रेक तेव्हा उपलब्ध होता. कायद्याने प्रवासी गाड्यांना तो सक्तीचा झाला त्याच वर्षी, पण ही मुलं गेल्यावर.