बाहेरच्या पासिंगची गाडी, नंबरप्लेटचा दंड - मदत हवी आहे (तातडीने)

वाकडवासी
नमस्कार मंडळी. गाडी केए पासिंग आहे. काल चौकात अडवून नंबरप्लेट चुकीची म्हणून पावती फाडली. प्लेट कोरी करकरीत आहे, डाव्या बाजूला निळ्या अक्षरांत आयएनडीसुद्धा आहे! वर ऐकवलं की गाडी इथली करून घ्या, पुढच्या वेळी जप्त करू. कोणी म्हणतं एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबरप्लेट) लावा, कोणी म्हणतं एमएच नंबरच घ्या. नक्की काय करायचं? शनिवारच्या आत व्हायला हवं, गाडी घेऊन बाहेरगावी जायचंय. कृपया "आरटीओत जाऊन विचारा" हे उत्तर नको.

क्लच_प्लेट
चलनावर मोटार वाहन कायद्याचं कलम कोणतं? १७७ की १९२? गाडी कोणत्या सालची? आरसीवर (नोंदणीपत्रावर) नाव कोणाचं? कर्ज आहे का? महाराष्ट्रात किती दिवस आहे? यातलं एकही न सांगता "नक्की काय करायचं" म्हणजे डोळे झाकून निदान करा म्हटल्यासारखं आहे.

घाटमाथा
एवढी डोकेफोड कशाला? बीएच (भारत) सीरिजचा नंबर घ्या आणि मोकळे व्हा. देशभर कुठेही फिरा, कोणी हात लावत नाही.

नियमावली
घाटमाथा, बीएच कोणालाही मिळत नाही. केंद्र, राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम, संरक्षण दल यांतले कर्मचारी, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीतले. खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० वर दाखला आणावा लागतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा: दहा लाखांपर्यंत ८ टक्के, दहा ते वीस लाख १० टक्के, त्यावर १२ टक्के हा हिशेबाचा पाया, डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. जुन्या गाडीचा नंबर बीएचमध्ये बदलता येतो हे खरं, पण गाडी त्या कर्मचाऱ्याच्याच नावावर हवी. धागाकर्त्याने नोकरीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

दूरदेशी
बाहेरची गाडी म्हटल्यावर नियम स्पष्ट आहेत. परदेशात नोंदलेली खाजगी गाडी भारतात आणण्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. गाडीत मूळ नोंदणीपत्र, चालकाचा परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, भारतात लागू असलेला विमा आणि पीयूसी ठेवावं लागतं. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. भाड्याने प्रवासी किंवा माल नेता येत नाही. कस्टमसाठी कार्ने लागतं, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी. दूतावासांच्या निळ्या सीडी, सीसी प्लेटचा प्रकार आणखी वेगळा.

क्लच_प्लेट
काका, केए म्हणजे कर्नाटक.

रेडियमवाला
वाकडवासी, आयएनडी लिहिलं म्हणजे एचएसआरपी झाली असं नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर तसली प्लेट दहा मिनिटांत मिळते. उजेडात जाऊन एवढं बघा:

वरच्या डाव्या कोपऱ्यात २० बाय २० मिमीचा क्रोमियमचा होलोग्राम असतो, त्यात अशोकचक्र. तो गरम ठशाने दाबलेला असतो, चिकटवलेला नसतो. डाव्या बाजूलाच खाली लेसरने कोरलेला किमान दहा आकडी क्रमांक असतो. अक्षरं पत्र्यातून उठलेली असतात आणि त्यांच्या काळ्या पट्टीवर तिरक्या ओळीत बारीक 'इंडिया' छापलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे मागची प्लेट स्क्रूने नव्हे, स्नॅप लॉकने बसवलेली असते. हे लॉक काढायचं तर तोडावंच लागतं, परत लागत नाही. नखाने होलोग्राम खरवडून पाहा.

वाकडवासी
कलम १७७, दंड ५०० रुपये. गाडी २०१७ ची. प्लेटला चार स्क्रू आहेत. होलोग्रामचा कोपरा नखाने सुटला. :( लेसर नंबर कुठेच नाही. म्हणजे फसवलं?

रेडियमवाला
फसवलं. ती स्टिकर लावलेली साधी प्लेट आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी कंपनीकडूनच येते. तुमची २०१७ ची, म्हणजे ती आपण मागवून बसवायची. कर्नाटकाने जुन्या गाड्यांसाठीचा आदेश २०२३ मध्येच काढलाय. प्लेटसोबत काचेचं स्टिकरही घ्या, तीही नोंदणीची खूणच आहे: पुढच्या काचेवर आतून, वर डाव्या कोपऱ्यात. पेट्रोल किंवा सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. वरची हिरवी पट्टी फक्त बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) गाडीला, तुमच्या गाडीला नाही. दुकानदाराने "घ्या हिरवी पण" म्हटलं तर तिथून उठा.

क्लच_प्लेट
१७७ म्हणजे सर्वसाधारण कलम. पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००. १९२ लागलं असतं तर ते विनानोंदणी गाडीचं, पहिल्या वेळी २००० ते ५०००. तुमची नोंदणी वैध आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते, कलम ४६. जप्तीचं कलम २०७ विनानोंदणी, विनापरवाना वगैरेसाठी आहे. नुसत्या प्लेटच्या चुकीवर गाडी उचलत नाहीत. धमकी जरा फुगवून दिली.

पण "इथली करून घ्या" हे मात्र फुगवलेलं नाही. परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. किती दिवस आहे इथे?

वाकडवासी
मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीपासून.

नियमावली
मग विषय संपला. एमएच नंबर घ्या. केएची एचएसआरपी आत्ता लावण्यात अर्थ नाही. नंबर बदलला की ती प्लेट रद्द, नव्या नंबरची पुन्हा घ्यायची. महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. दोनदा पैसे का घालवायचे?

रेडियमवाला
असहमत. जुन्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), तपासणी, कर, नवा नंबर, मग नवी प्लेट. ही साखळी शनिवारी सुटणार नाही. कलम ४८ प्रमाणे एनओसीचा निर्णय द्यायलाच ३० दिवस आहेत (तेवढ्यात नाकारली नाही तर मिळाली असं धरतात, पण त्या आधारावर पुढचं काउंटर हलवून दाखवा). तोवर माणूस नकली प्लेटवर हिंडणार? दर वेळी १५००. हजारभर रुपयांच्या प्लेटसाठी कुठे हिशेब करता.

नियमावली
नकली काढून नियमाच्या मापाची साधी प्लेट लावावी. चारचाकीला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिमी, अक्षरांची उंची ६५, जाडी १०, दोन अक्षरांत अंतर १०.

रेडियमवाला
आणि ती एचएसआरपी नाही म्हणून पुन्हा १७७. वा.

सह्याद्रीचा_बैल
महाराष्ट्रात राहून प्लेटवर मराठी आकडे लिहिले तर दंड होतो, याचं कोणाला काहीच वाटत नाही? निदान वर इंग्रजी, खाली मराठी एवढं तरी चालायला हवं.

क्लच_प्लेट
केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० नुसार अक्षरं इंग्रजी आणि आकडे अरबी, म्हणजे इंग्रजीत लिहितो ते. प्लेटवर दुसरं काहीही नको: नाव नको, देव नको, पक्षाचं चिन्ह नको. मराठी आकडे खाली जोडले तरी प्लेट बेकायदाच. कॅमेऱ्याला वाचता येत नाही हा एक भाग, आणि अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर परप्रांतीय साक्षीदाराला सांगता यायला हवा हा दुसरा. इंग्रजीतला ८०५५ वळवून 'बॉस' करणारे आणि ४१४१ चं 'दादा' करणारे याच नियमात अडकतात. नंबर बरोबर, पण ठसा बदललेला.

सह्याद्रीचा_बैल
पण तत्त्व म्हणून...

संपादक
तत्त्वासाठी वेगळा धागा काढावा. इथे प्लेटपुरतं बोलू.

क्लच_प्लेट
वाकडवासी, दोन प्रश्न अजून बाकी आहेत. आरसीवर नाव कोणाचं? केए कोणता?

वाकडवासी
केए २२. नाव बाबांचं आहे. ते बेळगावला असतात. चलनाचा मेसेजही त्यांनाच गेला, कलम मला त्यांच्या फोनवरूनच कळलं. कर्ज मागेच फिटलंय.

नियमावली
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

मालक बेळगावचा रहिवासी, म्हणून तिथली नोंदणी मुळात बरोबर आहे. पण गाडी दोन दिवाळ्या पुण्यात म्हटल्यावर ४७ लागतंच. आणि तुमच्या पत्त्यावर आणायची तर नुसता पत्ता बदलून भागत नाही, मालकी बदलावी लागते.

घाटमाथा
बेळगावातच आधी मुलाच्या नावावर करून घ्यावी, मग एनओसी काढावी. सोपं पडतं.

नियमावली
त्याला मुलाचा कर्नाटकातला पत्ता लागेल. नसेल तर उलट्या क्रमाने: बाबांच्या नावावर असतानाच एनओसी, कारण 'मालकी हस्तांतरण' लिहून; मग इकडे हस्तांतरण आणि नवा नंबर एकत्र. मालक परराज्यात गाडी देतोय म्हणून त्याने आरटीओला कळवायची मुदत ४५ दिवस, घेणाऱ्याने ३०.

बेळगावी करायचं ते असं. फॉर्म २८ (एनओसीचा अर्ज) तीन प्रतींत, प्रत्येकीवर चेसिस नंबरचा पेन्सिल छाप. पातळ कागद नंबरवर घट्ट धरून पेन्सिल आडवी घासायची. एक जरी आकडा पुसट आला तर कागद परत येतो, म्हणून आधी तो पत्रा रॉकेलच्या बोळ्याने पुसून घ्या. फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतरणाचे) यांवर बाबांच्या सह्या, आरसीवर आहे तशाच. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी. सगळी चलनं भरलेली हवीत, महाराष्ट्राची आणि केंद्राची अशा दोन्ही साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) दाखला. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जाणार, म्हणून ते शेजारी बसलेले बरे.

क्लच_प्लेट
कर्ज फिटलं म्हणता, पण आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलाय का? फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन तो काढावा लागतो. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरतात आणि विसरतात, आणि मग एनओसी नेमकी तिथे अडते.

रेडियमवाला
आणि एनओसीवर कुठल्या आरटीओचं नाव लिहायचं ते बघा. पुणे म्हटलं की लोक डोळे मिटून एमएच १२ लिहितात. तुमचं नाव वाकडवासी आहे, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, एमएच १४. चुकीचं लिहिलं तर इकडे घेत नाहीत आणि दुरुस्तीसाठी पुन्हा बेळगाव.

नियमावली
बरोबर. इकडे मग फॉर्म २७ (नव्या नंबरचा अर्ज), तुमच्या पत्त्याचा पुरावा, निरीक्षकाकडून तपासणी, आणि कर. कर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून २०१७ चं इनव्हॉइस शोधून ठेवा. कर्नाटकातला उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण नवी आरसी हातात आल्यावर, तिची प्रत जोडून बेळगावला अर्ज करून. आधी इकडे भरायचा, मग तिकडून मागायचा. तेवढ्या पैशांची तजवीज ठेवा.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. बाबांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सवलत) बाबांकडेच राहतो, गाडीसोबत येत नाही. त्या फरकाची रक्कम कंपनी मागेल.

वाकडवासी
बापरे. हे शनिवारपर्यंत शक्यच नाही. जाणं रद्द करू का?

क्लच_प्लेट
जायचंय कुठे ते अजून सांगितलेलं नाही.

वाकडवासी
बेळगावला. घरी.

रेडियमवाला
...

अहो मग रडताय कशाला! कर्नाटक परिवहन खात्याच्या किंवा सियामच्या (वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या) साइटवरून आजच एचएसआरपी नोंदवा, फिटमेंटसाठी बेळगावचा डीलर निवडा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीवरून बघून टाका. शून्य आणि ओ मध्ये लोक घोळ घालतात. सर्च इंजिनवर वरती दिसणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून पैसे भरू नका, त्यात नकली साइटही असतात. प्लेट तयार होऊन डीलरकडे पोहोचावी लागते, म्हणून तारीख जी मिळेल ती बघून सुटी जुळवा.

नियमावली
या परिस्थितीत मीही म्हणतो, केएची प्लेट आधी लावा. नव्या नंबरची वेगळी घ्यावी लागेल, ते पैसे जातील, पण एनओसी ते नवा नंबर यातला काळ झाकला जाईल.

रेडियमवाला
नियमावली माझ्याशी सहमत! तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

वाकडवासी
नोंदवली. मंगळवारची वेळ मिळाली, रजा वाढवतो. बाबा म्हणाले इनव्हॉइस कपाटात आहे, पण आरसीवर बँकेचं नाव अजून दिसतंय. बँकेचं पत्र सापडलं, त्यावर तारीख २०२१ ची आहे. चालेल ना?

क्लच_प्लेट
नाही. बँकेच्या अशा पत्राला साधारण तीन महिन्यांचीच मुदत धरतात. शनिवारी बँक उघडी आहे का बघून आत्ताच फोन करा. नवं पत्र मागा, आणि फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का दोन प्रतींवर घ्या.