तांबड्या-पांढऱ्याबरोबर कुठली वाईन? द्राक्षं आणि प्रदेश सुचवा

रंकाळा_चौपाटी :
मंडळी, आजवर आमच्या घोळक्यात वाईन म्हणजे लाल नाहीतर पांढरी, एवढीच ओळख. आता द्राक्षानुसार चव ओळखायला शिकायचंय. शिराझ कशी, शेनिन कशी, नाशिकची आणि अकलूजची वेगळी लागते का? शनिवारी घरी बसायचं ठरलंय. जेवण आपलंच : सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. कोल्हापुरात मिळणाऱ्या वाईन आधी सांगा. एका मित्राचा भाऊ परदेशातून येणार आहे, त्याला काय आणायला सांगू तेही लिहा.

वारणाकाठ :
फ्राटेली कंपनीची ‘सेट्टे’, लाल वाईन. अकलूजकडची, सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों या द्राक्षांचं मिश्रण. डोळे झाकून घ्या.

दुसरा_घोट :
सेट्टे मलाही फार आवडते, पण तांबड्याबरोबर उघडू नका. अशा लाल वाईनमध्ये टॅनिन भरपूर असतं, म्हणजे तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा. त्यावर मिरचीचा जाळ आला की तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात, आणि एवढ्या चांगल्या वाईनची चवच लागत नाही. ती जेवणाआधी भाजलेल्या, कमी तिखट चॉप्सबरोबर घ्या. ग्रोव्हरची ला रिझर्व्हही तशीच. ती बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची, काबर्ने आणि शिराझची.

तांबड्यासाठी किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लां. सुलाची सगळीकडे मिळते. गोडीमुळे तिखट शांत होतं आणि आंबटपणामुळे तेलकट जीभ साफ होते. शेनिनचं मूळ घर फ्रान्सचं ल्वार खोरं, पण आज जगात तिची सर्वांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, त्याला धारदार सोविन्यों ब्लांपेक्षा व्हियोन्ये बरी. तिला जर्दाळूसारखा वास असतो आणि आंबटपणा कमी. सुक्या मटणाला नाशिकची शिराझ चालेल, कारण मिरीचा वास हा तिचा स्वभावच आहे. मात्र त्या दिवशी चटणीचा हात जरा आखडता ठेवा. नाहीच जमलं तर झिनफांडेल द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाईन.

पाहुण्याला एकच बाटली सांगायची तर जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग, लेबलवर ‘काबिनेट’ लिहिलेली. बहुधा गोडसर, अल्कोहोल बऱ्याचदा फक्त ८-९ टक्के, आणि तिखटाशी तिच्याइतकं जमवून घेणारी वाईन मी तरी प्यायलेली नाही. दुसरी जमली तर न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोविन्यों ब्लां आणा आणि नाशिकच्या सोविन्यों ब्लांशेजारी ओता. द्राक्ष एकच, प्रदेश दोन. पुस्तक वाचून जे कळत नाही ते या दोन ग्लासांत कळतं.

बेदाणा_तासगाव :
माझी बाग खायच्या द्राक्षांची, पण थोडं सांगतो. आपली सोनाका, माणिक चमन ही बिनबियांची, पातळ सालीची. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः त्या सालीतून येतो, आतला रस बहुतेक जातींत फिक्काच असतो. दुसरं असं, की युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला काढणी होते. आपल्याकडे वेल तशी झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), पावसाळा सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल उतरतो जानेवारी ते मार्चमध्ये. काढणीच्या शेवटी ऊन तापतं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. त्यामुळे काढणीचा दिवस कोण नेमका साधतो, यावर आपल्याकडची पांढरी वाईन ठरते. अकलूज, नाशिकजवळचं दिंडोरी, नंदी हिल्स यांची तुलना कराल तेव्हा हे डोक्यात असू द्या.

रंकाळा_चौपाटी :
दादा, लाख मोलाची माहिती. मग शेनिन आणि शिराझ पक्की, सेट्टे चॉप्सबरोबर. लाल वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नसते म्हणतात, खरं का?

दुसरा_घोट :
खोलीच्या तापमानाला प्यायची हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. लाल वाईन १६ ते १८ अंशांना चांगली लागते आणि आपल्या घरात एवढा गारवा क्वचितच असतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. शेनिन आणि रोझे दुपारपासूनच ठेवा. उरली तर झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

वारणाकाठ :
सेट्टे चॉप्सबरोबर, मान्य. दुकानात लेबलवरचं साल मात्र बघा. आपल्याकडची साधी पांढरी वाईन ताजी असतानाच चांगली, जुनी म्हणून भारी असं तिच्या बाबतीत नसतं. उन्हात, शोकेसच्या काचेशी उभी केलेली बाटली घेऊ नका, आतल्या कपाटातली मागा.